काठ ओळखणारा मामा

माझ्या धाकट्या भावाच्या तोंडून पहिलं पूर्ण वाक्य निघालं ते शेजारणीच्या हळदीकुंकवात, आणि त्या एका वाक्याने आमच्या आईचं त्या घरी जाणं-येणं कायमचं बंद झालं. तोवर तो बोलायचाच नाही. कडेवर घ्यायचं वय उलटून गेलं होतं, पण खाली ठेवला की किंचाळायचा, म्हणून आई त्याला तसाच घेऊन हिंडायची. शेजारणीने नव्या साडीचं कौतुक करून घ्यायला पदर जरा पुढे केला. हा कडेवरून वाकला, काठावरून अंगठा फिरवला आणि सगळ्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "ही आपली."

आणि ती आमचीच होती. आईने ती नात्यातल्या एका मुलीला दिली होती, त्या मुलीने सासूला, सासूने शेजारणीला. मूल बोललं म्हणून आईला रडू येत होतं आणि जे बोललं त्यामुळे तोंड कुठे लपवू असं झालं होतं. घरी आल्यावर तिने त्याची दृष्टही काढली आणि त्याला एक धपाटाही घातला.

ज्यांच्या घरी देण्याघेण्याच्या साड्या नाहीत त्यांना यातली भानगड कळायची नाही. आमच्याकडे कपाटात दोन कप्पे असतात. एका कप्प्यात नेसायच्या साड्या. दुसऱ्यात देण्याघेण्याच्या, म्हणजे कुणीतरी मानाने दिलेल्या, आपल्याला न आवडलेल्या, पण पुढच्या लग्नमुंजीत तितक्याच मानाने दुसऱ्या कुणाला देता येतील अशा. त्यांची घडी मोडायची नाही, पिशवी फाडायची नाही, आणि कुणाकडून आली ते मात्र पक्कं लक्षात ठेवायचं, कारण ज्या घरून आली त्या घरी ती परत जाता कामा नये. मुंबई-पुण्यात हे जमत असेल. बडोद्यात आम्ही मराठी माणसं ती किती! कुणाचे पणजोबा सरकारवाड्यात कारकून म्हणून आले, कुणाचे वडील रेल्वेत, कुणी रिफायनरीत, आणि आता सगळे एकमेकांचे व्याही नाहीतर साडू. साडीला बिचारीला जायला दुसरी जागाच नसते. ती आपली हरणीहून डभोई, डभोईहून पादरा अशी फिरत राहते, आणि आम्ही सगळे ती नवी आहे असं मानत राहतो. अशा समाजात माझा भाऊ जन्माला आला, ही देवाची थट्टाच म्हणायची.

आई गेल्यापासून तो आमच्याकडे असतो. पन्नाशीला टेकलाय. एकटा रस्ता ओलांडू शकत नाही, बुटाची नाडी बांधता येत नाही, खिचडीत मटार दिसला की ताट लोटून देतो. सकाळी काय खाल्लं ते त्याला आठवेलच असं नाही. पण एकदा पाहिलेलं कापड, मग ती पैठणी असो की पायपुसणं, तो विसरत नाही. माणसंही तो कापडांवरून लक्षात ठेवतो. कुणाच्या अंगावर, कुठल्या समारंभात, कुठे डाग, कुठे दोरा निघालेला, सगळं.

माझी मुलगी कॉलेजात असताना आम्ही त्याला एका मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. पहिल्या खेपेला नंबरच लागला नाही, बाहेर बाकावर बसून परतलो; दुसऱ्या खेपेला आत गेलो. गुजराती होते, शांत माणूस. त्यांनी बराच वेळ त्याच्याशी बोलायचा प्रयत्न केला. हा खिडकीच्या पडद्याकडे बघत होता. शेवटी म्हणाला, "उलटा लावलाय. आधी बाहेर बाकाजवळ होता." डॉक्टरांनी उठून पडद्याची शिवण पाहिली, बाहेर जाऊन कुणालातरी काहीतरी विचारलं आणि परत येऊन अगदी आदराने त्याच्यासमोर बसले. मग मला म्हणाले, "बेन, याला सॅव्हंट सिंड्रोम म्हणतात. याचं बाकीचं मन आपल्यासारखं चालत नाही, पण एका गोष्टीत ते इतकं चालतं की आपल्याला कल्पना येणार नाही."

"पण का?" मी विचारलं.

"ए तो अजून कोणालाच पुरतं माहीत नाही, बेन."

मला ते डॉक्टर तिथेच आवडले. माहीत नाही असं सांगणारा डॉक्टर मी त्यापूर्वी पाहिला नव्हता.

आमच्या ह्यांना मात्र ते पटलं नाही. हे रिफायनरीतून निवृत्त झालेले, हातात मोबाइल आणि अख्खा दिवस रिकामा. त्यांनी कुठेतरी वाचलं की ही शक्ती सगळ्यांच्याच मेंदूत दडलेली असते, आपण फक्त ती जागी करत नाही. त्यांनी डॉक्टरांना विचारलंसुद्धा, "आपण मेंदूचा जरासाच भाग वापरतो ना?" डॉक्टर म्हणाले, "ना ना, सगळा वापरतो. तुम्ही पण." हे त्यावर जरा नाराज झाले. जे काही होतं ते सगळं वापरून झालंय, हे ऐकायला कुणाला आवडेल!

तरी त्यांनी हट्ट सोडला नाही. डाव्या हाताने दात घासू लागले आणि टूथपेस्ट आरशाला फासू लागले. जिन्यातून उलटे उतरू लागले, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या बेन मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "काकांना काही टेन्शन छे?" मग ते रोज जेवणानंतर माझं कपाट उघडून भावाच्या शेजारी बसायचे आणि साड्या बघत राहायचे. मेंदूची सुप्त शक्ती म्हणे आता जागी होईल. महिनाभराने मी परीक्षा घेतली. समोर शालू धरला आणि विचारलं, हा कुठला? हे डोळे मिटून विचार करून म्हणाले, "तुझ्या बहिणीच्या लग्नातला." तो आमच्या लग्नातला होता. त्या दिवशी सुप्त शक्ती जागी नाही झाली, पण मी झाले, आणि संध्याकाळपर्यंत त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही.

या सगळ्यात माझी मुलगी मोठी झाली ती मामाच्या मांडीवर. तिला लहानपणी ताप आला की तो तिच्या पांघरुणाचा काठ मोजून मोजून चोळत बसायचा. ती त्याच्याशी कधी खोटं बोलली नाही. मी बोलायचे, हे बोलायचे, औषध गोड आहे, इंजेक्शन दुखत नाही. ती म्हणायची, "मामा, हे कडू आहे, पण घ्यावं लागेल." आणि तो घ्यायचा. तिचं लग्न ठरलं तेव्हा तिने मुलाला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं की मांडवात मला माझा मामा घेऊन येईल. आमच्या लग्नात तो मान मामाचाच. भटजी पुकारतात, मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावे, आणि मामा भाचीचा हात धरून तिला अंतरपाटापर्यंत आणतो. तिला मामा एकच. मुलगा समजूतदार होता, हो म्हणाला. मामालाही तिने सांगून ठेवलं. त्या दिवसापासून तो उठला की विचारायचा, "आज आणायचंय?"

साखरपुडा पादऱ्याला, मुलाच्या घरी झाला. माझ्या विहीणबाई शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, आता निवृत्त. त्यांच्यासमोर बसलं की आपण गृहपाठ केलेला नाही असं वाटतं. ओटी भरून त्यांनी मला मानाची साडी दिली. सुंदर पिशवी, वर सोनेरी रिबन. मी साडी कपाळाला लावते आहे तोवर शेजारून भावाचा अंगठा आलाच. पिशवीच्या उघड्या तोंडातून त्याने काठ चाचपला आणि त्याचा चेहरा उजळला. जुना मित्र भेटल्यावर आपला उजळतो तसा.

"डभोईची आत्या," तो म्हणाला. "मग आपण. मग पादऱ्याच्या मुंजीत, जांभळी पैठणीवाली."

मी त्याचा हात दाबला. त्याला वाटलं मला अजून हवंय. "आतून फॉल उसवलाय," त्याने सांगितलं.

कुणाच्या तरी आगाऊ काकूने तिथेच घडी उलगडून पाहिली. फॉल उसवलेला होता. माझी अवस्था काय सांगू! ती साडी मीच कधीतरी नाक मुरडून पुढे ढकलली होती आणि आता ती मान घेऊन माझ्याकडेच परत आली होती. म्हणजे बोलायची सोय नाही आणि हसायचीही नाही. विहीणबाई ताठ बसून म्हणाल्या, "आमच्याकडे नवीच साडी देतात." त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मुलाच्या काकांचा फोन आला. फार गोड बोलले. लग्नाला काही हरकत नाही, मुलगी पसंत आहे, फक्त मांडवात मामा म्हणून दुसरं कुणी उभं राहील तर बरं. चुलतमामा, मावसमामा, कुणीही चालेल ने. यांना आपण छान पहिल्या रांगेत बसवू. चारचौघांत काही बोलले तर उगाच दोन्ही घरांची शोभा.

"मामा बदलून मिळत नाही," मी म्हटलं आणि फोन ठेवला. मुलगी म्हणाली, "आई, मामा नाही तर मांडव नाही. कोर्टात सह्या करू." हे म्हणाले, "सगळे जरा शांत राहा," आणि स्वतःच सगळ्यात आधी बीपीची गोळी शोधू लागले. मला राग येत होता आणि त्याबरोबर भीतीही वाटत होती, कारण काकांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. लग्नात पाचपन्नास बायका आहेर घेऊन येणार, माझ्याही कपाटातल्या साड्या त्या दिवशी बाहेर पडणार, आणि हा मधोमध उभा! भाऊ तेवढ्यात दारात येऊन उभा राहिला. "आज आणायचंय?" मला त्याच्याकडे बघवेना.

मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "बेन, त्याला डोळ्यांनी खुणा करू नका, हात दाबू नका, ते त्याला कळत नाही. सरळ नियम सांगा." मग आम्ही त्याला नियम सांगितला, की विचारल्याशिवाय सांगायचं नाही. त्याने मान डोलावली. संध्याकाळी सोसायटीतल्या बेन नवा ड्रेस घालून आल्या, तो त्यांच्या ओढणीकडे बघत राहिला, ओठ हलले, पण आवाज आला नाही. मी त्याला भाकरवडी दिली. इतकं साधं होतं आणि आम्हाला आयुष्यभर सुचलं नव्हतं.

पण ते पादऱ्याला कोण पटवून देणार? आणि अशातच एके दुपारी खाली रिक्षा थांबली. विहीणबाई. एकट्या. मी म्हटलं, आलं, मोडायलाच आल्या. पाणीही न घेता त्या म्हणाल्या, "मामांशी बोलायचंय." मी नको नको म्हणत असताना त्या भावासमोर खुर्ची ओढून बसल्या, मुख्याध्यापिका बसतात तशा.

"मामा, जांभळी पैठणीवाली म्हणजे नक्की कोण?"

विचारलं होतं. म्हणजे सांगायला हरकत नव्हती. "काठाला मोर," तो म्हणाला. "पदरावर आमरसाचा डाग. पुसलेला. गेला नाही."

विहीणबाईंनी गुडघ्यावर थाप मारली. "माझी नणंद! तो डाग माझ्याच घरी पडला!" मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मला म्हणाली होती, वहिनी, खास तुमच्यासाठी शोधून आणली. म्हणून मी जपून ठेवली, विहिणीला द्यायला. आणि मी मूर्ख, त्या दिवशी यांच्यावर रागावले!"

नणंदेला पकडल्याचा इतका शुद्ध आनंद मी कुणाच्याच तोंडावर पाहिलेला नाही. त्यांनी मग चहाही घेतला, भाकरवडीही घेतली आणि नंतर आवाज उतरवून आणखी दोन-तीन साड्यांची चौकशीही केली. जाताना दारात म्हणाल्या, "मामाच उभे राहतील. काकांना मी बघते." जिना उतरताना त्या गुणगुणत होत्या.

त्यानंतर रोज संध्याकाळी आमच्या घरी तालीम सुरू झाली. हे भटजी. सोफ्याजवळ उभे राहून ओरडायचे, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावे!" आतल्या खोलीतून हा भाचीचा हात धरून यायचा, टीपॉयला वळसा घालून. मग दोघं परत आत जायचे आणि पुन्हा. कधी कधी हे दमायचे, पण हा दमायचा नाही. सिल्कचा झब्बा अंगाला टोचतो म्हणून त्याच्या मऊ धुतलेल्या सदऱ्यावर आम्ही फक्त उपरणं ठरवलं. त्याने ते चाचपून पाहिलं, ओळखलं, आणि विचारलं नव्हतं म्हणून गप्प राहिला. मला वाटतं ते त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात सुखाचं काम होतं. रोज कुणीतरी त्याला हाक मारत होतं आणि तो न चुकता येत होता.

लग्नाच्या दिवशी हॉलवर त्याने कमाल केली. स्वतःहून चकार शब्द काढला नाही. उलट बायकाच एकेक करून त्याच्याजवळ सरकू लागल्या. विहीणबाईंनी पादऱ्यात बोभाटा केला होता. "भाऊ, जरा बघा ना, हा खण नवा आहे?" तो सांगायचा, आणि बाई कुणाकडे तरी रोखून बघत निघून जायची. मुहूर्ताआधीच तीन-चार घरांत अबोला धरला गेला असेल. हे मला म्हणाले, "आहे की नाही शक्ती?" मी म्हटलं, गप्प बसा आणि अक्षता वाटा.

मग भटजींनी पुकारलं. मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावे.

कुणी आलं नाही. भटजींनी पुन्हा पुकारलं, जरा लांबवून. मुलगा पाटावर उभा, अंतरपाट धरलेला, लोक मागे वळून बघायला लागले. मी हातातलं तबक कुणाच्यातरी हातात कोंबलं आणि धावले.

खोलीच्या दारात तो तिचा हात धरून उभा होता. ती म्हणत होती, "मामा, चल ना." तो हलत नव्हता. मी म्हटलं, "अरे, मुहूर्त टळेल! रोज तर येतोस!" तो माझ्याकडे न बघता कोपऱ्यातल्या बॅगांकडे बघत होता. आदल्या दिवशी मीच भरलेल्या.

"तिच्या नेसायच्या पण भरल्यास," तो म्हणाला. "कपाट रिकामं आहे."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. देण्याघेण्याच्या साड्या बॅगेत जातात आणि नेसायच्या घरात राहतात, हे त्याला आईच्या काळापासून माहीत होतं. इतके दिवस तो तिला आणत होता आणि ती परत आत जात होती. आज नेली की ती जाणार, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. ते त्याने साड्यांवरून ओळखलं होतं.

"ही देण्याघेण्यातली नाही ताई," तो मला समजावल्यासारखं म्हणाला. माझी काहीतरी चूक झाली आहे आणि अजून वेळ आहे, असा त्याचा सूर होता.

महिनाभर मी याद्या, हॉल, केटरर, मानपान यात इतकी गुंतले होते की माझी मुलगी जाणार हे मी स्वतःलाही सांगितलं नव्हतं. मी तिथेच चौकटीला धरून रडायला लागले. अगदी हुंदके देऊन. बाहेर भटजी तिसऱ्यांदा ओरडत होते.

मुलगी रडली नाही. तिने मुंडावळ्या बाजूला सारल्या आणि त्याच्या तोंडासमोर तोंड नेलं. "मामा, मी जाणार आहे. खरंच जाणार आहे. तिकडे राहणार. पण रविवारी येईन."

"नक्की?"

"नक्की."

त्याने विचार केला. ती त्याच्याशी कधी खोटं बोलली नव्हती. मग त्याने उपरणं नीट केलं आणि तिला घेऊन निघाला, आणि मांडवात टीपॉय नव्हता तरी न चुकता वळसा घेतला. मंगलाष्टकं होईपर्यंत तो तिच्या मागे उभा राहिला. माझ्या डोळ्यांत पाणी होतं आणि ह्यांच्याही, त्यामुळे निम्म्या अक्षता भटजींवर पडल्या.

रविवारी तो सकाळपासून गॅलरीत होता. नाश्ता तिथेच, आंघोळीचं नाव नाही. साधारण जेवणाच्या वेळी ती आली. अ‍ॅक्टिव्हावर, उन्हात, सासरची भरजरी साडी नेसून, पदर कमरेला घट्ट खोचलेला. मी वरूनच साडी पाहिली आणि मनात म्हटलं, ही विहीणबाईंनी दुकानातून आणली की कपाटातून, ते आज कळेलच. त्याने दार उघडलं, तिचा हात धरला आणि तिला सोफ्यावर बसवून शेजारी बसला. ती बोलत होती, हा तिच्या तोंडाकडे बघत होता. जेवताना तिच्या शेजारी, चहाला तिच्या शेजारी. ती संध्याकाळी पुढच्या रविवारचं कबूल करून गेली.

ती वळणापलीकडे जायचा अवकाश, मी त्याला धरलं. "काय रे, ती साडी कुणाकडची होती?"

तो बराच वेळ आठवत राहिला. इतका वेळ त्याला कधी लागत नाही.

"बघितली नाही," तो म्हणाला.

मी पुन्हा विचारलं, रंग तरी, काठ तरी. त्याने मान हलवली आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला. ती साडी नवी होती की फिरती, ते मला अजून कळलेलं नाही.